रंगपंचमीची पिल्ले

वऱ्हाडात वसंत ऋतू पंचांगात दोन महिन्यांचा लिहिलेला असला, तरी शेतावर त्याचा अंमल फार तर पाच-सहा आठवडे चालतो. माघातील पहाटेचा गारठा हरभऱ्याच्या पाल्यावरून पुरता उतरलेला नसतो तोच दुपारचे ऊन चटका देऊ लागते, आणि चैत्र अर्धा सरण्यापूर्वीच पळसाची अखेरची फुले, कडुनिंबाची नवी पालवी व अंगाला सोसवणारे ऊन यांची जागा ४० ते ४२ अंशांच्या झळांनी घेतलेली असते. वाशीम जिल्ह्यातील पाच-सात एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यापुरते बोलायचे, तर हेच आठवडे वर्षातील सर्वांत सैल आठवडे होत. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येऊन कर्जात आणि किराण्यात गेलेला असतो, तूर झोडून झालेली असते, हरभरा खळ्यात आलेला असतो, आणि मृगापर्यंत जमिनीचे माणसाकडे व माणसाचे जमिनीकडे फारसे मागणे नसते. नेमक्या या फटीत, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा अशा कोणत्याही तालुक्यातील वस्तीवर, परसातल्या खुराड्यात एक दुसरा हंगाम सुरू होतो, ज्याची पेरणी पाटीत कुटार अंथरून दहा-बारा अंड्यांनी होते आणि ज्याचे पीक घरातल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे मिळून काढतात.

या हंगामाचा मुहूर्त कोणी ज्योतिषी काढून देत नाही; तरी पंचांगाशी तो विलक्षण जुळतो. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर पडण्यास २१ दिवस लागतात. माघ वद्य चतुर्दशीस, म्हणजे महाशिवरात्रीच्या सुमारास, कोंबडी अंड्यांवर बसवली, तर बोटे मोजून २१ तिथी पुढे गेल्यावर येते ती फाल्गुन वद्य पंचमी, म्हणजे रंगपंचमी. ही पिल्ले गुढीपाडव्यास दीड आठवड्याची, रामनवमीस तीन आठवड्यांना टेकलेली, अक्षय्य तृतीयेस सहा आठवड्यांची आणि वैशाखी पौर्णिमेस आठ आठवड्यांची होतात. आणि मृगाचा पहिला पाऊस अंगणात चिखल करतो तेव्हा त्यांना पिसे फुटून, दगडावर चढून, शेजाऱ्याच्या परसात भांडण काढण्याइतका कणखरपणा आलेला असतो. हेच काम महिनाभर उशिरा आरंभले, तर उबवणीच चैत्राच्या झळांत सापडते. आणि दोन महिने उशिरा आरंभले, तर कोवळी पिल्ले ओलीत सापडून रक्ती हगवणीने जातात. अधिक मास आला म्हणजे हा हिशेब थोडा सरकतो, एवढेच.

अंडी निवडण्यापासून काळजी सुरू होते. फलित अंड्यातील गर्भ सुमारे २० ते २१ अंश सेल्सिअसच्या खाली स्तब्ध राहतो आणि कोंबडीच्या पोटाखाली सुमारे साडेसदतीस अंशांची ऊब मिळाली म्हणजे वाढू लागतो. या दोहोंच्या मधले तपमान मात्र घातक, कारण त्यात गर्भ धड झोपत नाही आणि धड वाढतही नाही. अर्धवट जागा होऊन तो पहिल्या काही दिवसांतच मरतो. माघात रात्री गार असतात, घरातील मातीची जमीन थंड असते, आणि पाण्याच्या रांजणाशेजारी धान्याच्या गाडग्यात खोचून ठेवलेले अंडे आठवडाभर निर्धास्त राहते. वैशाखात त्याच गाडग्यातील अंडे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच अविश्वसनीय ठरते. उन्हाळी अंडी ‘पोचट निघतात’ ही आजीबाईंची तक्रार जीवशास्त्राच्या कसोटीस पूर्णपणे उतरते. हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी गाडग्याने शिकवलेले आहे.

अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी पाहण्यासारखी असते. दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटांपुरती, दाणापाण्यासाठी व विष्ठेसाठी ती उठते. अंग फुगवून, खरखरीत आवाज काढीत, वाटेत येईल त्याच्या अंगावर धावून जात आपले काम उरकते आणि पुन्हा पाटीत शिरते. बसल्या जागी चोचीने ती अंडी वारंवार फिरवीत असते. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतील पडद्यास चिकटून मरतो, म्हणून उबवणी यंत्रांनाही हाच फेरा लावावा लागला. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडापुढे एकेक अंडे धरून पाहतात. ज्यात रक्तवाहिन्यांचे जाळे आणि मध्ये काळसर ठिपका दिसेल ते परत पाटीत, जे निर्मळ दिसेल ते बाजूला, असा निवाडा होतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने रोज एक अंडे फोडून गर्भाची वाढ नोंदली होती, आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास त्याला रक्ताच्या थेंबासारखे हृदय उडताना दिसले होते. तेव्हापासून गर्भविज्ञानाचा पुष्कळसा पाया कोंबडीच्या अंड्यावर रचला गेला. आपल्याकडे, एडिंबरो येथे वॉडिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत शिकून आलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या गर्भावरील संशोधनाची परंपरा रुजवली. परसातली कोंबडी आणि विद्यापीठातला सूक्ष्मदर्शक यांचे नाते इतके जवळचे आहे, याची वार्ता दोन्ही पक्षांना फारशी नसते.

विसाव्या दिवसाच्या आसपास अंडे बोलू लागते. रुंद टोकाकडील हवेच्या कप्प्यात चोच घालून पिल्लाने पहिला श्वास घेतलेला असतो, आणि कवचाला तडा जाण्यापूर्वीच त्याची चिवचिव कानाजवळ धरलेल्या अंड्यातून ऐकू येते. “आजी, पाह्य ना वं, अंडं आतून बोलून रायलं!” अशी आरोळी या सुमारास एखाद्या अंगणात उठते, आणि आजी अंडे हातातून काढून घेऊन पुन्हा कोंबडीखाली सारते, कारण हे संभाषण मुळात तिच्याशी चाललेले असते: पिल्लू आतून हाक देते आणि कोंबडी खालच्या, घोगऱ्या सुरात ओ देते. चोचीच्या टोकावरील कठीण कंगोऱ्याने कवच फोडीत पिल्लू बाहेर येते, तेव्हा अंड्यातील उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला गेलेला असतो, आणि त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस अन्नावाचून राहू शकते. निसर्गाची ही तजवीज सगळी अंडी फुटेपर्यंत कोंबडीला पाटी सोडावी लागू नये म्हणून असावी. मनुष्याने तिचा उपयोग निराळाच केला: एक दिवसाची पिल्ले पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून शेकडो मैल पाठवता येतात, हे त्याच्या ध्यानात आले, आणि पिल्लांचा व्यापार त्यामुळेच शक्य झाला.

येथे या प्रकरणाचा खरा विषय सुरू होतो. देशी कोंबडी वर्षाकाठी ६० ते ७० अंडी देते आणि मधूनमधून खुडूक बसते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक अधिक स्रवू लागले म्हणजे तिचे अंडी घालणे थांबते आणि बसणे सुरू होते. अंडी खाण्यासाठी वा विकण्यासाठी हवी असणाऱ्या माणसाला हे बसणे नुकसानीचे वाटते; म्हणून खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला गार पाण्यात बुडवणे, नाकात पीस खुपसणे, पाय बांधून पाटीपासून दूर ठेवणे असे नाना उपाय गावोगाव चालत आले आहेत. शास्त्रज्ञांनी हेच काम निवडीने आणि अधिक सभ्यपणे केले. जी कोंबडी कमी खुडूक बसते तिचीच संतती पुढे चालवावयाची, हा क्रम पिढ्यान्पिढ्या ठेवल्यावर अधिक अंडी देणाऱ्या पण मातृत्वाचा विसर पडलेल्या जाती निर्माण झाल्या. परसबागेसाठी काढलेल्या सुधारित जातीही, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने १९८९ च्या सुमारास दिलेली गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज व ग्रामप्रिया, देशीच्या दुप्पट अंडी देतात, परंतु त्यांवर बसण्याचे नाव सहसा काढीत नाहीत. परिणामी ज्या घरात गिरिराजची अंडी आहेत तेथेही ती उबवण्यासाठी शेजारणीकडून एखादी काळी, बुटकी, चिडखोर देशी कोंबडी उसनी आणावी लागते. आणि जेथे तीही मिळत नाही तेथे पिल्ले उबवणी केंद्रातून येतात. नागपूर, पुण्याजवळील खडकी, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) आणि कोल्हापूर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. खासगी उबवणी केंद्रांची तर गणतीच नको, कारण १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केल्यापासून महाराष्ट्र या धंद्याचे एक मोठे ठाणेच बनला आहे.

अशा रीतीने फाल्गुनात खोक्यातून घरी येणाऱ्या शंभर पिल्लांना आई नसते. आई नसली तरी आईची कामे शिल्लक राहतातच: ऊब देणे, खाणे शिकवणे, पाणी दाखवणे, शत्रूची वर्दी देणे, रोगापासून राखणे. एकटी कोंबडी जी पाच-सहा खाती कुरकुर न करता सांभाळते, ती वाटून घेण्यासाठी सबंध कुटुंबाला कामाला जुंपावे लागते. छोट्या शेतावरील वसंतातील गृहजीवनाचे रहस्य या वाटणीत आहे असे आम्हास वाटते.

पहिले खाते उबेचे. अंगावर केवळ लव असलेल्या पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे स्वतःचे तपमान राखता येत नाही. त्याला पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची हवा लागते, आणि पुढे दर आठवड्यास ती साधारण तीन अंशांनी उतरवीत न्यावी लागते. पत्र्याचे वा पुठ्ठ्याचे गोल कडे, खाली तूस किंवा सोयाबीनचे बारीक कुटार, त्यावर पहिले काही दिवस वर्तमानपत्राचे कागद, आणि वरून टांगलेला, पिल्लामागे एक ते दोन वॅट या हिशेबाचा दिवा, एवढी सामग्री पुरते. दिव्याची उंची ठरवण्यास तापमापकाची फारशी गरज नसते, कारण पिल्ले स्वतःच ते सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून ढीग केला, तर त्यांना थंडी वाजते. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली, तर उकडते. आणि कड्यात सर्वत्र सारखी पसरून खात-पीत-झोपत राहिली, तर सारे यथास्थित आहे. दुपारी वऱ्हाडातील ऊन हे खाते फुकट चालवते. प्रश्न रात्रीचा, आणि त्यातही वीज गेल्यावर येणाऱ्या रात्रीचा. म्हणून हे काम ज्याची झोप मुळातच हलकी असते त्या घरातील आजोबांकडे जाते. रात्री दोनदा उठून ढिगाखाली दबलेली पिल्ले मोकळी करणे, वीज गेली तर कोळशाची शेगडी पेटवून तिच्यावर गाडगे पालथे घालणे आणि धूर कोंडू नये म्हणून खिडकीची फळी किलकिली ठेवणे, ही त्यांची जबाबदारी. यात एक गमतीचा पेच कित्येक घरांतून आढळतो: आजोबा माळकरी असतात, पंढरीची वारी चुकवीत नाहीत, अंड्याच्या वाऱ्यासही उभे राहत नाहीत, खुराडा त्यांच्या दृष्टीआड, गोठ्यापलीकडे बांधलेला असतो, आणि तरीही फाल्गुनातल्या एखाद्या रात्री शेगडीवर निखारे सारखे करताना तेच दिसतात. धर्मशास्त्राने या प्रसंगाची व्यवस्था लावलेली आमच्या वाचनात नाही. घराने मात्र ती बिनबोभाट लावलेली असते.

दुसरे खाते अन्नाचे, आणि ते आजीकडे. चोच मारण्याची प्रेरणा पिल्लात जन्मजात असते, पण कशावर मारावयाची ते त्याला दाखवावे लागते. कोंबडी दाणा उचलून टाकते, विशिष्ट आवाज करते आणि पिल्ले धावून येतात. आजी कागदावर मक्याची चुरी किंवा ज्वारीची कणी पसरते आणि तर्जनीच्या नखाने त्यावर टकटक करते. दोन-चार पिल्ले बोटाकडे धावतात, एकास दाणा सापडतो, आणि घटकाभरात सारा कागद टकटकू लागतो. पहिल्या पाण्यात गूळ घालतात, आणि जे पिल्लू पेंगत असेल त्याची चोच हलकेच पाण्यात बुडवतात. डग्लस स्पाल्डिंग नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८७३ साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. जन्मतःच डोळ्यांवर टोपी चढवून दोन-तीन दिवस अंधारात ठेवलेली पिल्लेही टोपी काढताच अचूक चोच मारतात, आणि नुकते जन्मलेले पिल्लू समोर हलणाऱ्या कोणत्याही वस्तूच्या मागे आईसमजुतीने चालू लागते, ही त्याची निरीक्षणे कोनराड लोरेन्ट्सच्या बदकांमुळे विसाव्या शतकात जगप्रसिद्ध झाली. हा स्पाल्डिंग लॉर्ड अँबर्ली यांच्या घरी मुलांचा शिक्षक होता, त्याच्या कोंबड्या थेट दिवाणखान्यापर्यंत हिंडत, आणि त्या घरातील धाकटे अपत्य म्हणजे पुढे तत्त्वज्ञ म्हणून नावाजलेले बर्ट्रांड रसेल. पिल्लांनी घर व्यापण्याचा अनुभव वाशीमपुरताच मर्यादित नाही, हे सांगण्यासाठी एवढे विषयांतर केले.

धान्य आणि कोंबडी यांचा संबंध तर याहून पुष्कळ जुना आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीशीर अवशेष थायलंडमधील बान नॉन वाट येथे मिळाले असून ते सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीचे आहेत. कोरडवाहू भात व भरडधान्याची शेती सुरू झाली, खळ्यात दाणे सांडू लागले आणि त्यांच्या लोभाने जंगलातला तांबडा रानकोंबडा झाडावरून उतरला, असा त्या संशोधकांचा कयास आहे. पुढे दक्षिण भारतातील करड्या रानकोंबड्याशी त्याचा संकर झाला आणि कातडीचा व पायांचा पिवळा रंग त्यातून आला. हरभऱ्याच्या खळ्यात फाल्गुनात उकरणारी कोंबडी म्हणजे शेतीच्या इतिहासातील त्या पहिल्या सांडलवणीची वारसदार होय.

तिसरे खाते राखणीचे, आणि त्यावर मुलांची नेमणूक होते. विदर्भातील शाळा एप्रिलमध्ये सकाळच्या होतात, त्यामुळे ऐन धोक्याच्या वेळी, म्हणजे दुपारी आणि सांजवेळी, हे पहारेकरी मोकळे असतात. त्यांना एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध हुकूम मिळतात. अंगणातील बाजेवर शेवया, कुरडया, पापड, मुगवड्या यांचे वाळवण घातलेले असते. त्यापासून कोंबड्यांना हाकलावयाचे. आणि त्याच अंगणावर घिरट्या घालणारी घार, कडुनिंबावर दबा धरणारा शिक्रा, कुंपणातले मुंगूस आणि बोका यांपासून कोंबडीच्या पिल्लांना राखावयाचे. कोंबडी आकाशातल्या शत्रूसाठी एक आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी दुसरा इशारा देते, आणि पिल्ले त्याप्रमाणे दबून बसतात किंवा पळत सुटतात. मुलांजवळ एकच आरोळी असते, पण ती सर्व शत्रूंना पुरते. आईवाचून वाढलेली पिल्ले जे मूल अधिक वेळ त्यांच्याजवळ बसेल त्याच्या पावलामागे चालू लागतात. रामनवमीला घरातली मंडळी पोहरादेवीच्या यात्रेस निघाली म्हणजे मागे कोणी राहावयाचे हा तंटा बहुधा याच मुलामुळे मिटतो, कारण ते आपण होऊन राहते.

या मुलांच्या मायेचा गैरफायदा घेणारा एक व्यापार आहे आणि त्याविषयी येथे दोन शब्द कडक लिहिणे आम्हास अवश्य वाटते. आठवडी बाजारात सायकलीवरील टोपलीत गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगात बुडवलेली पिल्ले थोडक्या पैशांत विकली जातात. ही प्रायः अंड्यांसाठी वाढवल्या जाणाऱ्या जातींतील नर होत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जपानमधील मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दिवसाच्या पिल्लाचे लिंग ओळखण्याची रीत शोधली. तेव्हापासून अंडी न देणारे आणि मांसही बेताचेच चढणारे हे नर पहिल्याच दिवशी बाजूस काढले जाऊ लागले. बाजारात ती ऊब, पाणी आणि लस यांवाचून दिवसभर उन्हात असतात, आणि घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत बहुतेक मरतात. त्याहून वाईट म्हणजे ती मरताना घरच्या निरोगी पिल्लांना आपला रोग देऊन जातात. मुलाच्या हट्टाखातर घेतलेले रंगीत पिल्लू घरच्या खुराड्यापासून दूर ठेवावे. न घ्यावे हे अधिक बरे.

रोगराईचे खाते सुनेकडे असते. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात वा नाकात लासोटा लशीचा एक थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची लस, चौथ्या आठवड्यात लासोटाची पुनरावृत्ती, सहाव्यात देवीची आणि आठव्यात आर-टू-बी. रंगपंचमीच्या पिल्लांना देवीची लस अक्षय्य तृतीयेस आणि शेवटची वैशाखी पौर्णिमेस, असे वर सांगितलेले पंचांग येथे उपयोगी पडते. मानमोडी, म्हणजे ज्यात कोंबडीची मान पिळवटते आणि हिरवी हगवण लागून सबंध खुराडा आठवड्यात ओस पडतो, तो रोग १९२६ साली जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्रथम ओळखला गेला, आणि लवकरच कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळल्यामुळे भारतात त्याच गावाच्या नावाने प्रसिद्धी पावला. त्यावरची आर-टू-बी लस त्याच कुमाऊँतील मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत तयार झाली. लस मिळणे आता कठीण नाही. अडचण असते ती निराळीच. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, कुपी फोडल्यावर दोन-तीन तासांत संपवावी लागते आणि तोवर ती बर्फात ठेवावी लागते. ज्या घरी पंधरा पिल्ले आहेत त्या घराने एकट्याने कुपी फोडणे म्हणजे उधळपट्टी. यास्तव पाच-सहा घरच्या बायका एक दिवस ठरवतात, तालुक्याहून थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी येते, आणि सायंकाळी, ऊन उतरल्यावर, गल्लीभर थेंब टाकीत ही मंडळी फिरतात. ज्या दोन घरांचे धुऱ्यावरून वर्षभर बोलणे बंद असते त्यांच्या सुना या संध्याकाळी एकमेकींची पिल्ले धरून देताना दिसतात.

आता या मालमत्तेच्या मालकीविषयी. वाशीम हा जुना जिल्हा. इंग्रजी अमदानीत ‘बासीम’ या नावाने तो स्वतंत्र होता, १९०५ साली मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात घातला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. या सर्व उलथापालथीत महसुली दप्तर मात्र अखंड चालू राहिले. त्या दप्तरात कोणत्या गटात किती आर सोयाबीन, किती तूर, विहीर आहे की नाही, आंब्याची झाडे किती, हे सारे लिहिलेले सापडते. कोंबडी सापडत नाही. सातबाऱ्यावर बहुधा पुरुषाचे नाव असते आणि खुराड्याची मालकी बहुधा बाईची असते, हे दोन वेगवेगळे अधिकार एका अंगणात नांदतात. अंडी व कोंबडी विकून आलेला पैसा घरधन्याने मागू नये असा अलिखित कायदा आहे, आणि तो लिखित कायद्यांपेक्षा अधिक पाळला जातो. जमीन नसलेल्या बाईलाही या मालमत्तेत शिरकाव मिळतो तो बटईने: एकीची कोंबडी, दुसरीची राखण, आणि मोठी झालेली पिल्ले निम्मी-निम्मी. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांच्या घरात भरली आणि २०१२ च्या तुलनेने ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. अवाढव्य कुक्कुटशाळांच्या काळात या चिमुकल्या खुराड्यांनी मागे हटण्याऐवजी पुढे सरकावे, ही गोष्ट अर्थशास्त्र्यांनी अधिक मनावर घ्यावयास हवी. शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत निम्म्या अनुदानावर एक दिवसाची शंभर पिल्ले किंवा आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा व तीन नर दिले जातात. आमच्या मते नवख्या घराने तलंगा घ्याव्यात. पहिल्या आठ आठवड्यांतील मरतूक ज्या घरात आजी, आजोबा आणि रिकामी मुले आहेत तेथेच आटोक्यात राहते, आणि योजनेच्या अर्जात या तिघांसाठी रकाना नसतो.

या हंगामावर सर्वांत मोठे संकट येते ते बाहेरून. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू उघडकीस आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो वाशीम जिल्ह्यातच, कारंजा तालुक्यातील खेर्डा या गावी, मांसल कोंबड्यांच्या एका शेडवर येऊन ठेपला आणि सहा हजारांहून अधिक पक्षी मेले. अशा वेळी एक किलोमीटरचा परिसर बाधित म्हणून घोषित होतो आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत बसते. एक किलोमीटरच्या त्या वर्तुळात मोठी शेड आणि परसातली पाटी असा भेद करता येत नाही. साथीचा नियम म्हणून ते योग्यही आहे. दोन्ही वेळचा महिना मात्र नजरेत भरतो, कारण महाशिवरात्र त्याच सुमारास येते आणि पाट्या तेव्हाच भरावयाच्या असतात. अशा वर्षी शहाणी बाई उबवणी थांबवते, अंडी कुटुंबाच्या पोटात घालते आणि पुढचे साल पाहते.

ज्या वर्षी असे काही घडत नाही, त्या वर्षी ज्येष्ठात वाटणी होते. दहा-बारा आठवड्यांत नर-मादी तुऱ्यावरून आणि शेपटीच्या पिसांवरून ओळखू येतात. माद्या ठेवावयाच्या, कारण त्या नवरात्र-दिवाळीच्या सुमारास अंडी देऊ लागतात, नरांपैकी एक, सर्वांत उंच आणि ज्याची कोंबड्यांशी सख्खी नाती नाहीत असा, शेजारच्या वस्तीवरील नराशी अदलाबदलीने ठेवावयाचा, उरलेले विकावयाचे. विक्रीची वेळ साधणे हे यातले खरे कसब. जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडतात, वह्या-पुस्तके आणि बियाण्याची पिशवी एकाच आठवड्यात दारात उभी राहते, आणि तेव्हा कोंबडा काढण्याचा मोह होतो. परंतु रंगपंचमीचा नर आषाढी अमावास्येस अठरा आठवड्यांचा, भरलेल्या अंगाचा होतो आणि आखाडातल्या गिऱ्हाइकीत त्याला वर्षातील उत्तम भाव येतो. आणखी काही आठवडे थांबण्याची ऐपत ज्या घरात असते ते घर थांबते. श्रावण लागताच मागणी बसते, आणि अमावास्येपर्यंत सौदा न झालेल्या नराला गौरी-गणपती उलटेपर्यंत घरची ज्वारी घालावी लागते. म्हणून आषाढाच्या शेवटच्या बाजारास जाणारी बाई भावात दहा-वीस रुपये सोडते, पण कोंबडा परत आणीत नाही.